मातीच्या कबुतरांवरील नेमबाजी आणि अर्ध-स्वयंचलित बंदूक : ग्रामीण भागाच्या दृष्टीने एक अभ्यास

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री पोलादपूर व महाड ओलांडून बाणकोटच्या खाडीकडे वळते. महाडच्या खालच्या अंगाला तिच्या काठचा जो मुलूख, त्यास लोक खाडीपट्टा म्हणतात. तुडील हे या पट्ट्यातील गाव. भातशेती, डोंगरउतारावरील झाडोरा आणि आखाती देशांत नोकरीस गेलेली घरटी एक-दोन माणसे हे येथील जीवनाचे नित्याचे चित्र होय. भात पोटरीला आले की रानडुकरांचा उपद्रव सुरू होतो, आणि त्याबरोबरच घराच्या आढ्याला टांगलेल्या ठासणीच्या बंदुकीची आठवण होते. कोकणी खेड्याला बंदूक ठाऊक आहे ती अशी, शेतराखणीचे साधन म्हणून.

परंतु बंदुकीचा आणखी एक उपयोग आहे. तो म्हणजे खेळ. आखातातून सुटीवर आलेल्या एखाद्या तरुणाने तिकडील नेमबाजी केंद्रावर उडत्या तबकड्यांवर बार काढून पाहिलेला असतो. त्याच्या हाती दिलेली बंदूक आपल्याकडील दुनळीसारखी नसून एका नळीची आणि आपोआप दुसरे काडतूस भरून घेणारी असते. तो गावात येऊन विचारतो, "हा खेळ आपल्याकडे का नसावा? तशी बंदूक आपल्याला मिळेल काय? घरातली चालेल काय?" असे प्रश्न बहुधा शिक्षक, ग्रामसेवक किंवा सरपंच यांच्यापुढेच येतात. त्यांची उत्तरे अंदाजाने देणे धोक्याचे ठरते, कारण येथे खेळाइतकाच कायद्याचा व जीविताचा प्रश्न गुंतलेला आहे. म्हणून या विषयाचा थोडा क्रमवार परिचय करून घेणे उपयुक्त ठरेल.

खेळाचे स्वरूप

या खेळातील लक्ष्यास "मातीचे कबूतर" असे म्हणण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात ते कबूतरही नव्हे आणि आता मातीचेही नव्हे. चुनखडीची भुकटी व डांबरासारखा चिकट पदार्थ एकत्र दाबून केलेली ती एक उथळ तबकडी असते. तिचा व्यास सुमारे ११० मिलिमीटर आणि वजन सुमारे १०५ ग्रॅम. यंत्राने ती हवेत फेकली जाते आणि नेमबाजाने छर्‍याच्या बंदुकीने ती उडत असतानाच फोडावयाची असते. तबकडीचा एक दृश्य तुकडा उडाला तरी नेम साधला असे मानतात.

नावामागे इतिहास आहे. प्रारंभी युरोपात व अमेरिकेत या खेळासाठी जिवंत कबुतरे सोडीत असत. १९०० साली पॅरिस येथे भरलेल्या ऑलिंपिकच्या वेळीही जिवंत कबुतरांवरील स्पर्धा झाली होती. पुढे त्यांच्याऐवजी काचेचे गोळे आणि १८८० च्या सुमारास अमेरिकेतील जॉर्ज लिगोव्स्की यांनी प्रचारात आणलेली भाजलेल्या मातीची तबकडी वापरात आली. अशा रीतीने एका निर्दय करमणुकीचे रूपांतर कौशल्याच्या खेळात झाले. वन्य जीवांची शिकार आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा ठरलेली असल्याने, हा बदल आपल्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. मुरुड-जंजिऱ्याच्या नबाबांचे शिकारीचे रान असलेले फणसाड आज अभयारण्य आहे. बंदुकीचे कौशल्य राहावे आणि जनावरही राहावे, यांचा मेळ या खेळात बसतो.

ऑलिंपिकमध्ये या खेळाचे दोन प्रकार आहेत. "ट्रॅप" या प्रकारात नेमबाजांच्या पुढे १५ मीटर अंतरावर जमिनीखालील खंदकात तीन-तीनच्या गटाने १५ फेकयंत्रे बसविलेली असतात. नेमबाजाने हाक देताच त्याच्यासमोरील तीनपैकी कोणत्यातरी एका यंत्रातून तबकडी दूर निघून जाते. ती कोणत्या दिशेने जाईल हे आधी कळत नाही. एका तबकडीवर दोन बार काढण्याची मुभा असते. "स्कीट" या प्रकारात एक उंच व एक ठेंगणे अशी दोन घरे असून, त्यांतून तबकड्या आडव्या जातात. नेमबाज अर्धवर्तुळावरील आठ जागांवरून क्रमाने नेम धरतो आणि एका तबकडीला एकच बार मिळतो. दोन्ही प्रकारांत २५ तबकड्यांचा एक फेरा असतो. काडतुसातील छर्‍याचे वजन २४ ग्रॅम इतके मर्यादित केलेले आहे.

रूढ बंदूक व वेगळी बंदूक

या मैदानावर सर्वत्र दिसणारी बंदूक म्हणजे बारा बोअरची, एकावर एक नळ्या असलेली दुनळी. ती मध्ये मोडून उघडते. उघडी असली की रिकामी आहे हे दुरूनही दिसते. दोन नळ्यांना छर्‍याचा फैलाव कमी-अधिक करणारे निरनिराळे चोक ठेवता येतात. तिच्यात हलणारे भाग थोडे असल्याने बिघाडही कमी. म्हणून ती रूढ झाली.

अर्ध-स्वयंचलित बंदूक ही या मैदानावरील पाहुणी. आंतरराष्ट्रीय नियमांनी तिला मज्जाव केलेला नाही. बारा बोअरपेक्षा मोठी नसलेली, आत दोनच काडतुसे राहतील असा अडसर घातलेली अर्ध-स्वयंचलित बंदूक चालते. हाताने पुढेमागे सरकवून भरावयाची, ज्यास "पंप" म्हणतात ती बंदूक मात्र वर्ज्य आहे.

अशी बंदूक काम कशी करते, हे समजून घेणे मनोरंजक आहे. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने १९०० साली पेटंट घेतलेली आणि १९०२ पासून बेल्जियममधील कारखान्यात तयार होऊ लागलेली "ऑटो-५" ही या जातीची पहिली यशस्वी बंदूक. पाठीवर कुबड असल्यासारखी तिची आकृती. बार निघाला की तिची नळी व बोल्ट एकमेकांस जखडलेल्या स्थितीत मागे येतात. मग नळी एकटी पुढे जाते, रिकामे काडतूस बाहेर पडते आणि बोल्ट पुढे येताना नवे काडतूस नळीत सारतो. पुढील काळात याच कामासाठी दोन अन्य युक्त्या निघाल्या. एका प्रकारात जळलेल्या दारूचा थोडा वायू नळीच्या छिद्रातून घेऊन दट्ट्या ढकलला जातो. दुसऱ्यात बोल्टच्या जडत्वाचा आणि एका स्प्रिंगचा उपयोग केला जातो. चाप मात्र प्रत्येक बाराला स्वतंत्रपणे ओढावाच लागतो. म्हणूनच तिला "स्वयंचलित" न म्हणता "अर्ध-स्वयंचलित" म्हणतात.

धक्क्याचा हिशेब

अशा बंदुकीचा पहिला गुण सांगितला जातो तो म्हणजे तिचा सौम्य धक्का. हा काय प्रकार आहे, हे विज्ञानाच्या शिक्षकांना वर्गातही सांगता येईल. २४ ग्रॅम छर्रा सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने निघाला, तर त्याचा संवेग ९.६ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद इतका होतो. बंदुकीचे वजन साडेतीन किलो धरले, तर केवळ छर्‍यामुळेच ती सेकंदाला पावणेतीन मीटर वेगाने मागे येऊ पाहते. वायू व बूच यांचा वाटा आणखी वेगळा. हा संवेग कोणत्याही यंत्रणेने नाहीसा होत नाही. दुनळीत तो एका झटक्यात खांद्यावर येतो. अर्ध-स्वयंचलित बंदुकीत, विशेषतः वायूवर चालणाऱ्या प्रकारात, तो अधिक काळ पसरून येतो. वेगाने आलेला चेंडू हात मागे घेत झेलल्यास तळवा चुरचुरत नाही, तसाच हा प्रकार. हलक्या बांध्याच्या शिकाऊ व्यक्तीला यामुळे आराम वाटतो.

दोषही तितकेच ध्यानी घ्यावे लागतात. जुन्या लांब धक्क्याच्या बंदुकीत नळीभोवतीची घर्षणाची कडी जड काडतुसासाठी लावलेली असेल, तर २४ ग्रॅमच्या हलक्या काडतुसाने नळी पुरेशी मागे येत नाही आणि यंत्रणा मध्येच अडकते. याउलट, हलक्यासाठी लावलेल्या कडीवर जड काडतूस उडविले, तर आतील भागांवर आघात बसतो. वायूवर चालणाऱ्या बंदुकीत काजळी साचते आणि ती वारंवार साफ करावी लागते. नळी एकच असल्याने दोन्ही बारांना एकच चोक. रिकामे काडतूस उजव्या अंगाला उडते, ते शेजारच्या नेमबाजाला लागू नये याची व्यवस्था करावी लागते.

सर्वांत गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. पहिला बार निघताच दुसरे काडतूस नळीत आलेले असते. पहिलीच तबकडी फुटलेली पाहून आनंदाने मागे वळणारा नवशिका, आपल्या हातातील बंदूक भरलेली आहे हे विसरतो. म्हणून शिकाऊ व्यक्तीस अशी बंदूक देताना एका वेळी एकच काडतूस भरावे, दुसरे कदापि नाही, हा नियम अनुभवी प्रशिक्षक कटाक्षाने पाळतात. मैदानात फिरताना बोल्ट उघडा, नळीत रंगीत सुरक्षा-निशाण आणि तोंड सुरक्षित दिशेला, अशीच ती न्यावयाची असते. दुनळी उघडी आहे हे शंभर पावलांवरून दिसते. हिचा बोल्ट उघडा आहे की मिटलेला, हे जवळ आल्याशिवाय कळत नाही.

पहिला धडा

प्रथम कोणता डोळा प्रबळ आहे ते पाहावे. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या वस्तूकडे अंगठा रोखावा आणि मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने पाहताना अंगठा जागचा हलत नाही, तो प्रबळ. बंदूक त्याच अंगाच्या खांद्याला लावणे इष्ट. कान झाकणारी साधने व चष्मा यांशिवाय मैदानात पाऊल ठेवू नये. बाराचा आवाज १४० डेसिबलहून अधिक असतो आणि त्याने झालेली श्रवणहानी भरून येत नाही.

उजव्या हाताने नेम धरणाऱ्याने डावा पाय किंचित पुढे ठेवून अंगाचा भार त्यावर घ्यावा. दस्ता आधी गालाला आणि मग खांद्याला भिडावा. मान खाली घालून गाल दस्त्याकडे नेऊ नये. रायफलीप्रमाणे नळीवरच्या माशीकडे पाहत बसू नये. नजर तबकडीवरच असावी.

नवशिका हमखास मागे का पडतो, याचाही हिशेब करता येतो. तबकडीचा वेग सेकंदाला सुमारे २८ मीटर धरू. ३५ मीटर अंतर कापण्यास छर्‍याला सुमारे ०.१२ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात आडवी जाणारी तबकडी तीन मीटरांहून अधिक पुढे सरकलेली असते! जिथे तबकडी दिसते तिथे नेम धरला, तर छर्रे तिच्या मागे जाणारच. सीमारेषेवर झेल घेणारा मुलगा चेंडू जेथे पडणार तेथे धावतो, तसेच हे. नळी तबकडीच्या मागून, तिच्याच मार्गाने न्यावी, तिला ओलांडताना चाप ओढावा आणि त्यानंतरही नळी चालतीच ठेवावी. नळी थांबली की नेम चुकला, असे समजावे.

कायदा काय सांगतो

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तशी बंदूक आपल्याला मिळेल काय? याचे उत्तर, सर्वसाधारण नागरिकापुरते, नकारार्थी आहे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालील २०१६ चे नियम यांनी अर्ध-स्वयंचलित बंदुकांना सामान्यतः प्रतिबंधित शस्त्रांच्या वर्गात ठेवलेले आहे. केंद्र शासनाच्या विशेष परवानगीशिवाय असे शस्त्र बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यास सात ते चौदा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. तेव्हा परदेशात जे शस्त्र मैदानावर सहज हाती मिळाले, ते किंवा त्याचा एखादा भागही सामानातून आणण्याचा विचार कोणी स्वप्नातही करू नये. ही गोष्ट गावातील तरुणांना वेळीच सांगितली पाहिजे. अजाणतेपणी केलेल्या अशा धाडसाने एखाद्या कुटुंबाची उभी कमाई न्यायालयात जाऊ शकते.

घरातील बंदूक चालेल काय, याचेही उत्तर स्पष्ट आहे. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये ठासणीच्या बंदुकीचा परवाना "खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी" देण्याचा उल्लेख आहे. परवाना ज्या कारणासाठी, वापर त्याच कारणासाठी. शेतराखणीच्या बंदुकीने जत्रेत वा लग्नात बार काढणे हा खेळ नव्हे. कोणाच्या जीवितास धोका होईल अशा रीतीने आनंदाप्रीत्यर्थ केलेल्या गोळीबारास २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. रानडुकराच्या बाबतीतही परवाना असलेली बंदूक म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. त्यासाठी वनखात्याच्या अधिकाऱ्यांची रीतसर परवानगी लागते. अंधारात पाचोळा वाजला म्हणून बार काढला आणि समोर माणूस निघाला, अशा घटना कोकणात घडलेल्या आहेत. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे हे पाहिल्याखेरीज चापाला बोट लावावयाचे नाही, ही मैदानावरील शिस्त शेताच्या बांधावरही तितकीच लागू आहे.

मैदान गावात का नको

तुडीलच्या माळावर दोन यंत्रे आणून हा खेळ सुरू करता येईल, असे कोणास वाटेल. २.४ मिलिमीटर व्यासाचा छर्रा सुमारे २४० मीटर जाऊ शकतो. म्हणजे नेमबाजाच्या पुढे, दोन्ही बाजूंना फाकलेला, सुमारे ३०० मीटरचा निर्मनुष्य पट्टा हवा. वाडी, पायवाट, गुरचरण आणि खाडी यांनी विणलेल्या मुलखात तो मिळणे दुर्घट आहे.

दुसरा प्रश्न शिशाचा. प्रत्येक बारागणिक २४ ग्रॅम शिसे जमिनीवर पडते. सहा जणांनी २५ तबकड्यांचा एक फेरा एकेका बारात पुरा केला, तरी ३ किलो ६०० ग्रॅम शिसे मातीत जाते. वर्षभर रोज एक फेरा झाला, तर हा आकडा १,३०० किलोंच्या वर जातो. सावित्रीचे पुराचे पाणी कोठवर चढते, हे महाडकरांनी जुलै २०२१ मध्ये पाहिलेच आहे. अशा पाण्याबरोबर शिसे भातखाचरांत व खाडीत उतरले, तर त्याचा त्रास मासळी, पाणपक्षी आणि माणूस या सर्वांना होईल. युरोपीय संघाने पाणथळ भागात शिशाच्या छर्‍यांवर २०२३ पासून बंदी घातली, ती याच कारणास्तव. तबकड्यांचे डांबरमिश्रित तुकडेही चरणाऱ्या गुरांच्या वाट्याला येता कामा नयेत. सारांश, हा खेळ मान्यताप्राप्त, शिसे गोळा करण्याची सोय असलेल्या मैदानावरच शोभतो.

मार्ग बंद नाही

याचा अर्थ ग्रामीण मुलामुलींनी या खेळाकडे पाठ फिरवावी असा नाही. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. त्यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावचे. प्रारंभी या खेळावर संस्थानिकांचा ठसा होता. बिकानेरचे करणी सिंग यांनी १९६२ साली कैरो येथील जागतिक स्पर्धेत ट्रॅप प्रकारात रौप्यपदक मिळविले. २००४ साली अथेन्स येथे सैन्यातील अधिकारी राज्यवर्धनसिंग राठोड यांनी "डबल ट्रॅप" प्रकारात रौप्यपदक जिंकले. तेथे सुवर्णपदक संयुक्त अरब अमिरातीच्या नेमबाजाने घेतले, ही गोष्ट आखातात वावरणाऱ्या आपल्या बांधवांना स्मरत असेल.

परंतु आपल्या दृष्टीने अधिक बोलके उदाहरण २०२३ च्या हांगझाऊ आशियाई स्पर्धांचे आहे. तेथे महिलांच्या ट्रॅप सांघिक रौप्यपदकात भोपाळच्या मच्छीमार कुटुंबातील मनीषा कीर आणि इटारसीच्या सामान्य घरातील प्रीती राजक यांचा वाटा होता. एका काडतुसाची किंमतही जेथे विचारात घ्यावी लागते, अशा घरांतून या मुली आल्या. मध्य प्रदेश शासनाच्या नेमबाजी अकादमीने बंदूक, काडतुसे, मैदान व प्रशिक्षक पुरविले म्हणून हे शक्य झाले. बंदूक घरात असावी लागत नाही; संस्था पाठीशी असावी लागते.

महाराष्ट्राचा अनुभवही हेच सांगतो. आपली परंपरा विशेषतः रायफल व पिस्तूल या प्रकारांतील आहे. अंजली भागवत राष्ट्रीय छात्रसेनेतून पुढे आल्या आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे राज्य शासनाच्या नाशिक येथील क्रीडा प्रबोधिनीत घडले आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदकाचे मानकरी झाले. त्यांचे वडील शिक्षक आणि आई गावच्या सरपंच. या लेखाच्या वाचकांसाठी यापेक्षा जवळचे उदाहरण कोणते असू शकेल?

ग्रामपातळीवर काय करता येईल

पहिली गोष्ट, शाळेत नेमबाजीची आवड असलेल्या मुलांची नोंद घेऊन त्यांना छात्रसेना व क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्यांची माहिती द्यावी. दुसरी, प्रारंभ दहा मीटर एअर रायफल वा एअर पिस्तुलाने करावा. त्याला मोठे मैदान लागत नाही. जिल्हा क्रीडा अधिकारी आणि जिल्हा रायफल संघटना यांच्या मार्गदर्शनाखाली बंदिस्त जागेत तो होऊ शकतो. तिसरी, ज्यास छर्‍याच्या बंदुकीचीच ओढ आहे, त्याने मान्यताप्राप्त संघटनेचे सभासद होऊन, संस्थेच्या शस्त्रावर व प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकावे. चौथी, ग्रामसभेच्या एखाद्या बैठकीत परवानाधारक शेतकऱ्यांना पोलीस व वनखाते यांच्याकडून शस्त्र बाळगण्याचे व हाताळण्याचे नियम समजावून द्यावेत. बंदूक आणि दारूगोळा वेगळ्या कुलपात, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवणे, हा त्यांतील पहिला नियम होय.

अर्ध-स्वयंचलित बंदूक दुसरे काडतूस आपण होऊन भरते, परंतु विचार आपण होऊन भरत नाही. तो माणसालाच करावा लागतो. उडती तबकडी फोडण्यास लागणारी एकाग्रता, संयम आणि चापावरील ताबा हे गुण खाडीपट्ट्यातील मुलांत कमी नाहीत. त्यांना योग्य दार दाखविणे आणि चुकीच्या दारापासून वेळीच परतविणे, ही शिक्षक व पंचायत सदस्यांची जबाबदारी आहे.